रंग आवडला नाही

मित्रांनो, मी मोबाईलचं एक जुनं कव्हर आहे. रंगाने काळा, अंगाने जाडजूड आणि एका कोपऱ्याने कमी. तो कोपरा कुठे गेला ते मी शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून खेळायला जाल, हे मला ठाऊक आहे.

सध्या माझा मुक्काम एका लोखंडी कपाटाच्या दारावर आहे. खिळा नाही, दोरी नाही, तरी मी दाराला पाठ टेकून उभा आहे. अंगावर अकरा स्क्रू, चार वॉशर आणि कपाटाची किल्ली असा दागिना आहे. माझ्या पाठीमागे चहावाल्याची चिठ्ठी दाबून धरली आहे. हे कसं जमतं, याचीच ही गोष्ट.

मी थोडं वाढवून सांगतो, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. ती खरी आहे. पण जिथे वाढवलं असेल तिथे मी स्वतःच कबूल करेन. निदान बहुतेक ठिकाणी.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वितळलेला रबरासारखा लगदा साच्यात शिरला, साचा मिटला, आणि साचा उघडला तेव्हा मी होतो. त्या साच्याची ऊब अशी होती की शेडवरून उडणारे कावळे गरम होऊन खाली उतरायचे आणि पाणी मागायचे. बरं, पाणी मागायचे नाहीत. पण उतरायचे.

आम्हा कव्हरांच्या पाठीत एक चपटं चुंबक बसवायचं असे, म्हणजे गाडी चालवताना फोन समोरच्या पट्टीला चिकटून राहील. हे काम एक ताई करायच्या. हात इतका बसलेला की डोळे मिटूनही चुंबक बरोबर खाचेत. पण माझी पाळी आली त्या दिवशी ताईंना सर्दी झाली होती. त्यांनी माझ्या पाठीत चुंबक ठेवलं आणि त्यांना शिंक आली. ती साधीसुधी शिंक नव्हती. डोळे पाण्याने भरले, नाक पुसून झालं, आणि ताई माझ्याकडे बघत बसल्या. ‘याला बसवलं का मी? की नाही बसवलं?’ पट्टा पुढे सरकत होता. विचार करायला वेळ कुठला? त्यांनी आणखी एक चुंबक ठेवलं. ते पहिल्यावर टक्‌ करून बसलं, वरून अस्तर चिकटलं, आणि मी पुढे गेलो.

पुढे तपासनीस बसले होते. त्यांनी माझे कोपरे दाबले, कॅमेऱ्याचं भोक पाहिलं, बटणांवर बोट फिरवलं. सगळं झकास. चुंबक किती जोराचं आहे हे कुणी पाहिलं नाही, कारण ते पाहायचं असतं असं कुणाला वाटलंच नव्हतं. अशा रीतीने मी दोघांचं बळ घेऊन डब्यात बसलो.

मी ज्या दुकानात आलो ते एका वळणावर होतं. पुढे काका बसत, विकायला. मागे पडद्याच्या आड काकू बसत, परत आलेलं घ्यायला. नवरा पुढून माल देतो आणि बायको मागून घेते, असं त्या दुकानाचं चालायचं. काकूंचा नियम कडक होता. सात दिवसांच्या आत यायचं, पावती हवी, डबा हवा, आणि एक छापील चिठ्ठी भरायची. चिठ्ठीवर पाच चौकोन होते: रंग आवडला नाही, माप बसत नाही, बटण दबत नाही, तुटकं निघालं, आणि शेवटी ‘इतर, खाली लिहा’.

या शेवटच्या चौकोनावर खूण केली की काकू चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायच्या आणि उलटतपासणी सुरू व्हायची. “इतर म्हणजे नक्की काय? कधी झालं? पाण्यात पडलं होतं का? खरं सांगा.” त्यामुळे गिऱ्हाइकांना एक युक्ती कळून चुकली होती. पहिल्या चौकोनावर खूण करा आणि सुटा. रंगाच्या आवडीनिवडीला काय पुरावा मागणार?

मला पहिल्यांदा नेलं ते एका बेकरीवाल्यांनी. गोल, हसरा माणूस, सगळ्या अंगावर पीठ. दोन दिवस सुखाने गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी फोन टेबलावर ठेवला, आणि त्यावर पावांचा लोखंडी ट्रे ठेवला. मग ट्रे उचलला आणि भट्टीकडे निघाले. ट्रेच्या खाली वटवाघळासारखा मी लटकलेलो, माझ्या पोटात फोन. बेकरीवाले सगळीकडे फोन शोधतायत. “अगं, माझा फोन बघितलास का?” त्यांनी बायकोला विचारलं. “रिंग देते थांबा,” ती म्हणाली, आणि भट्टीच्या अगदी तोंडाशी गेलेला ट्रे गाऊ लागला. बेकरीवाल्यांच्या हातातून ट्रे सुटला नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून बेकरीत त्यांना सगळे विचारायला लागले, “मालक, आज फोन किती वेळ भाजायचा?”

ही फजिती काकूंना कोण सांगणार? बेकरीवाल्यांनी चिठ्ठीवर खूण केली: रंग आवडला नाही.

काकूंनी मला पुसलं, काकांनी डब्याला नवी चिकटपट्टी लावली, आणि मी पुन्हा फळीवर गेलो.

दुसऱ्यांदा मला शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी नेलं. त्यांच्या टेबलावर टाचण्यांची डबी उघडीच असे. मी आलो आणि टाचण्यांनी घर बदललं. शंभर टाचण्या माझ्या पाठीवर साळिंदरासारख्या उभ्या राहिल्या. शंभर नसतील, वीस असतील. एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, ताईंनी घाईने तो उचलला, पाठ कुठली आणि पोट कुठलं हे न बघता कानाला लावला, आणि ज्या आवाजात त्या “हॅलो” म्हणाल्या तो ऐकून पलीकडच्या बाईंनी विचारलं, “काय हो, ब्लाऊज बिघडला की काय माझा?”

ताई माणूस स्वाभिमानी. टाचण्यांत उभा जन्म गेलेल्या बाईच्या कानाला टाचणी टोचली, हे गावभर झालं तर? त्यांनीही खूण केली: रंग आवडला नाही.

काकूंनी चिठ्ठी फाइलला लावली आणि पडद्याआडून म्हणाल्या, “अहो, काळ्या रंगात न आवडण्यासारखं काय असतं?”

“लोकांचं काय सांगावं,” काका म्हणाले आणि चिकटपट्टी शोधू लागले.

मित्रांनो, मी गप्प बसलो होतो. माझ्यात खोट आहे हे मला एव्हाना कळलं होतं. पण कव्हराला कोण विचारतं?

आणि मग लिफ्टमावशी आल्या.

मावशींचं काम लिफ्ट दुरुस्त करण्याचं. कमरेला पान्यांचा पट्टा, पायांत जाड बूट, आणि आवाज असा की सातव्या मजल्यावरून हाक मारली तर तळमजल्यावरचा माणूस “आलो” म्हणेल. त्यांच्या खिशात कंपनीचा एक फोन असे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की त्या फोनची रिंग वाजायची. लिफ्टच्या भिंतीवर त्याचाच नंबर लिहिलेला. अकरा वर्षं तो मावशींनीच उचलला होता. कुणी अडकलं की त्या आधी बोलायच्या आणि मग पाना उचलायच्या. “घाबरू नका. पाठ भिंतीला टेका. मी निघालेय. तोवर मला सांगा, आज सकाळी काय खाल्लंत?” माणूस काय खाल्लं ते आठवू लागला की रडायचं विसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण वर्षभरात मावशींनी तीन फोन फोडले होते. त्याला कारण त्यांची काम करायची रीत. लिफ्ट ज्या उंच अंधाऱ्या विहिरीतून वर-खाली जाते, तिथे उतरून दोन्ही हातांनी काम करायचं असतं. मग फोनचा दिवा धरणार कोण? एक फोन त्यांनी दातांत धरला होता, आणि वरून जोडीदार अण्णांनी नेमका तेव्हाच विनोद केला. दुसरा लिफ्टच्या छपरावर कडेला ठेवला होता, तो लिफ्ट हलल्यावर निघून गेला. तिसरा पट्ट्यात खोचला होता, तो वाकताना सटकला. तिसऱ्या वेळी तर फार वाईट झालं. नवा फोन येईपर्यंत एक शिक्षिका पाऊण तास अडकून पडल्या. त्यांनी आत बसून एका वर्गाच्या सगळ्या वह्या तपासल्या, आणि बाहेर आल्यावर कंपनीच्या साहेबांना जे पत्र लिहिलं त्यातही लाल शाईने सुधारणा केल्या होत्या.

साहेबांनी मावशींना बोलावलं. “हा चौथा फोन. आठवड्याने मी तपासणीला येतोय. यावर एक ओरखडा जरी दिसला तरी हा फोन अण्णांकडे जाईल.”

अण्णा तिथेच उभे होते. ते घाबरले. “साहेब, मला नको. मी लोकांशी काय बोलू?” एकदा मावशी आजारी असताना अण्णांनी तो फोन उचलला होता. “अडकलात? बरं,” एवढं म्हणून त्यांनी तो ठेवून दिला होता.

तर एवढं सगळं डोक्यात घेऊन मावशी दुकानात आल्या.

“काका, असं कव्हर द्या की फोन पडला तरी त्याला पत्ता लागू नये की आपण पडलो.”

“हे घ्या!” काकांनी एक चकचकीत पारदर्शक कव्हर काढलं. “यावर हत्ती उभा राहिला तरी काही होणार नाही.”

“हत्ती आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही. एक कागद द्या.”

मावशींनी फोन कव्हरात घातला, काच खाली करून टेबलावर पालथा ठेवला आणि काचेखाली कागद सरकवायला गेल्या. कागद अडला.

“बघा. कडा बसक्या आहेत. काच टेबलाला टेकतेय. पडला की पहिला मार काचेला.”

काकांनी सहा कव्हरं काढली. पाचांत कागद अडला किंवा कोपरा अंगठ्याने दाबला तर दगडासारखा कडक लागला. “कोपरा दबला पाहिजे आणि परत वर आला पाहिजे,” मावशी म्हणाल्या. “पडणारा फोन कोपऱ्यावरच पडतो, कधी सपाट पडलाय का?” मग त्यांनी कामाचे जाड हातमोजे चढवले आणि डोळे मिटून बटणं दाबून पाहिली.

सहावा मी. माझ्या कडांखालून कागद लोण्यातून सुरी जावी तसा गेला. माझे कोपरे दबले आणि हसत वर आले. माझी बटणं हातमोज्यांना कळली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी पारखून घेत होतं. माझी छाती फुगली. कव्हराला छाती नसते, पण फुगली.

“हे कोरं आहे ना?” मावशींनी विचारलं.

“अगदी कोरं,” काका म्हणाले आणि उगाचच खोकले.

“न पटलं तर?”

“सात दिवस!” पडद्याआडून आवाज आला. “पावती, डबा, आणि कारण लिहावं लागतं हो!”

पहिल्याच दिवशी माझं गुपित फुटलं. मावशींनी मला पट्ट्याजवळ नेलं आणि तीन पाने, एक पेचकस आणि पट्ट्याचं बक्कल एकदम माझ्याकडे धावले. मला वाटलं, झालं. उद्या चौकोन, परवा चिकटपट्टी. पण मावशी थबकल्या. त्यांनी मला लिफ्टच्या विहिरीत नेलं. लिफ्ट जे दोन लोखंडी रूळ धरून चढते, त्यांतल्या एकाच्या कडेला पाठ लावली, दिव्याचं टोक रुळाबाहेर ठेवलं आणि हात सोडला. मी तिथेच राहिलो, उजेड जिथे हवा तिथे.

“अण्णा!” मावशी ओरडल्या. “इकडे या! फोन भिंतीला उभा राहिलाय!”

अण्णा वरून डोकावले. “काय सांगता! आणि दात?”

“दात मोकळे! आता करा काय विनोद करायचे ते!”

पुढचे पाच दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. मी रुळांवर उभा राहिलो, मोटरच्या पेटीवर झोपलो, आणि एकदा शिडीवरून चाळीस फूट खाली पडलो. चार फूट. पण कोपऱ्यावर पडलो, आणि फोनला खरोखरच पत्ता लागला नाही. मावशी घरी गेल्यावर मला फ्रिजच्या दाराला लावायच्या. त्यांची लेक म्हणायची, “आई, लोक फ्रिजवर फुलं लावतात, तू कंपनी लावतेस.”

सातवा दिवस उजाडला. साहेब अकराला येणार होते.

मावशी आणि अण्णा सकाळी आठलाच त्या सात मजली इमारतीत पोहोचले. अण्णा वर यंत्रखोलीत, मावशी लिफ्टच्या छपरावर उभ्या राहून विहिरीत. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये एक बोल्ट सैल होता. मावशींनी मला रुळाच्या बाजूला चिकटवलं, माझ्या उजेडात बोल्ट घट्ट केला आणि हात पुसले.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. लिफ्टच्या छपरावर काहीही विसरायचं नाही, हा त्या कामातला पहिला धडा. म्हणून काम संपलं की मावशी छपरावर नजर फिरवायच्या. आजही फिरवली. पाना घेतला, फडकं घेतलं, तेलाची कुपी घेतली. छप्पर रिकामं. इतकी वर्षं छप्पर रिकामं म्हणजे सगळं आवरलं. भिंतीला काही विसरता येतं, हे त्यांच्या हाताला अजून माहीतच नव्हतं.

“अण्णा, वर घ्या!”

लिफ्ट वर गेली आणि मी मागे राहिलो. मी ओरडलो असतो, पण माझ्या तोंडाच्या जागी कॅमेऱ्याचं भोक आहे.

मी एकटा राहिलो याचं दुःख नव्हतं. भीती वेगळीच होती. लिफ्टला डोळे नसतात. मजला आला हे तिला कसं कळतं? विहिरीत प्रत्येक मजल्यापाशी एक लहानसं चुंबक बसवलेलं असतं, आणि लिफ्टच्या छपरावरची एक पेटी ते चुंबक ओळखते. चुंबक दिसलं की लिफ्ट म्हणते, मजला आला, थांबा. आणि मी, दुप्पट चुंबकाचा मी, जिथे मजला नव्हता तिथे उभा होतो.

कामाच्या वेळी अण्णा लिफ्ट हाताने चालवतात, तेव्हा ती पेटी बंद असते; मावशींना वर सोडून त्यांनी लिफ्ट तशीच तळमजल्याला पाठवली आणि मग पेटी सुरू केली. साहेब पंधरा मिनिटं आधीच आले. लिफ्टमध्ये शिरले आणि सातवं बटण दाबलं. लिफ्ट निघाली. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मग पेटी माझ्या समोर आली आणि लिफ्ट अदबीने थांबली. दार उघडलं. साहेबांसमोर विटांची भिंत.

साहेबांनी बटण दाबलं. लिफ्ट तशीच. तिच्या मते तर ती मुक्कामाला पोहोचली होती. साहेबांनी सगळी बटणं दाबली. मग फोन काढला, आणि ज्या नंबरवर रोज बोलत होते तो नंबर लिफ्टच्या भिंतीवरून एकेक आकडा वाचून लावला.

माझ्या पोटातला फोन खणखणला. मी भिंतीवर थरथरलो. साहेबांच्या डोक्यापासून मी हातभर अंतरावर होतो, मध्ये फक्त पत्रा.

“अरे!” साहेब आतून ओरडले. “फोन इथे वाजतोय! भिंतीत वाजतोय!”

सातव्या मजल्यावर मावशींचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. पट्टा रिकामा. मग विहिरीतून वर आलेली रिंग त्यांनी ऐकली आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

“अण्णा, मेन स्विच बंद करा. आणि तिथून हलू नका.”

त्या तीन मजले जिन्याने उतरल्या. तेवढ्यात पहिली रिंग तुटली. चौथ्या मजल्याचं दार त्यांनी किल्लीने उघडलं. छप्पर तिथून जरा खाली होतं. पुन्हा रिंग सुरू झाली. एक, दोन, तीन. मावशी सांभाळून छपरावर उतरल्या. चार, पाच. मला रुळावरून ओढलं. मी घट्ट धरून होतो, आयुष्यात एकदाच मला माझ्या ताकदीची लाज वाटली. सहाव्या रिंगला मी सुटलो.

अकरा वर्षांच्या सवयीने मावशी म्हणाल्या, “हॅलो, मी बोलतेय. घाबरू नका. तुम्ही कुठे अडकलाय?”

“तुझ्या पायाखाली!” साहेब म्हणाले.

मी त्यांच्या गालाला टेकलो होतो म्हणून मला कळलं: साहेबांचा आवाज रागाचा नव्हता. तो कापत होता. श्वास तोकडा होत होता. इतक्या वर्षांत कंपनीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं की साहेबांना बंद जागेची भीती वाटते. लिफ्ट कंपनीच्या साहेबाने ते सांगायचं तरी कुणाला?

मावशींना ते कळलं. त्यांनी माफी मागितली नाही, सबब सांगितली नाही. त्या छपरावर उकिडव्या बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “साहेब, पाठ भिंतीला टेका. टेकलीत? आता मला सांगा, आज सकाळी काय खाल्लंत?”

“काय?”

“सकाळी. काय खाल्लंत?”

मग साहेब म्हणाले, “अंडं.”

“एक की दोन?”

“दोन. एक जळालं होतं.”

“कुणी जाळलं?”

“मीच,” साहेब म्हणाले, आणि त्यांचा श्वास लांब झाला.

मावशींनी मला खिशात घातलं आणि कानात लावायची तार जोडून बोलत राहिल्या. तोंड चालू, हात चालू. अण्णांनी वरून चाक फिरवून लिफ्ट इंचाइंचाने चौथ्या मजल्याला आणली. दार उघडलं तेव्हा साहेब पाठ टेकून उभे होते आणि जळालेल्या अंड्याची चांगली बाजू कशी शोधायची ते समजावत होते.

मग कपडे झटकून ते पुन्हा साहेब झाले. “काय झालं होतं?”

साहेबांच्या मागे अण्णा येऊन उभे राहिले होते. ते हातवारे करून मावशींना सुचवत होते. ‘विजेचा दाब म्हणा! विजेचा दाब!’

मावशींनी अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्या क्षणी एक खोटा शब्द पुरला असता. साधा, सोपा, पहिल्या चौकोनातला.

“विजेचा दाब ठीक आहे, साहेब,” मावशी म्हणाल्या. “माझं चुकलं. फोन मी रुळाला लावला आणि विसरले. त्या कव्हरात चुंबक आहे आणि ते भलतंच जोराचं आहे. लिफ्टला वाटलं, मजला आला.” त्यांनी पेचकस माझ्याजवळ नेला. तो टक्‌ करून चिकटला.

साहेबांनी मला हातात घेतलं. फोनच्या काचेवर बोट फिरवलं. एक ओरखडा नव्हता. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, तो चिकटवला, ओढून काढला, पुन्हा चिकटवला. दोनदा पुरलं असतं, त्यांनी पाचदा केलं.

“फोन शाबूत आहे,” ते शेवटी म्हणाले. “आणि तो उचलला गेला. उशिरा, पण उचलला गेला.” मग अण्णांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, “उचलल्यावर काय बोलावं हे ज्याला कळतं, फोन त्याच्याकडेच राहिलेला बरा. पण हे कव्हर मला पुन्हा लिफ्टच्या विहिरीत दिसता कामा नये.”

अण्णा ते ऐकलं नाही असं दाखवून इतक्या आनंदाने छताकडे बघू लागले की सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी मावशी मला घेऊन दुकानात गेल्या. सातवा दिवस, पावती, डबा. काकूंनी चिठ्ठी पुढे केली आणि पेन स्वतःच पहिल्या चौकोनावर टेकवलं. “काय, रंग ना?”

“रंगाला काय झालंय? चांगला काळा आहे. शेवटचा चौकोन द्या.”

काकूंनी चष्मा नाकावर घेतला. पण मावशींनी विचारायला काही ठेवलंच नाही. लिहिता लिहिता चिठ्ठी संपली, मागची बाजू लागली, तिथे लिफ्टचं चित्र काढलं, रूळ काढला, मी कुठे होतो तिथे फुली मारली. खाली लिहिलं: ‘कव्हर उत्तम. चुंबक दुप्पट. दुसऱ्या कुणाला देण्याआधी कारखान्याला विचारा.’

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग फाइल उघडून माझ्या जुन्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. रंग आवडला नाही. रंग आवडला नाही. “अहो,” त्या काकांना म्हणाल्या, “इकडे या जरा. हे कोरं होतं ना?”

काकांना पुन्हा खोकला आला. या वेळी काकूंनी पाणी दिलं नाही.

चिठ्ठी कारखान्यात गेली, आणि उत्तर येईपर्यंत काकूंनी मला मावशींकडेच ठेवायला दिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्या दिवसाच्या पाळीतला माल तपासला, दोन चुंबकांची आणखी चाळीस कव्हरं सापडली, सगळी परत मागवली. चुंबक बसवणाऱ्या ताईंच्या टेबलावर आता एक वजनकाटा आहे, आणि त्यांना सर्दीची रजा मिळते. मावशींसाठी बिनचुंबकाचं, गळ्यात अडकवायच्या दोरीचं नवं कव्हर आलं. त्याच्यासोबत एक ओळ होती: ‘सदोष कव्हर परत पाठवू नये. कापून निकामी करावे व फोटो पाठवावा.’

मित्रांनो, त्या वेळी मी याच खोलीत, मावशी आणि अण्णांच्या कामाच्या खोलीत, टेबलावर होतो. मावशींनी कात्री उचलली. माझे तीन कोपरे चौथ्याला बिलगले. बिलगले नाहीत, पण वाटलं तसं. कात्री जवळ आली आणि टक्‌ करून माझ्या पाठीला चिकटली. मावशींनी ती ओढली. पुन्हा चिकटली. तिसऱ्यांदा अण्णा हसायला लागले. “सोडा हो त्याला. तो कात्रीच्या गळ्यात पडतोय.”

मावशींनी पत्र पुन्हा वाचलं. “पुन्हा विकता येऊ नये, एवढंच ना?” त्यांनी माझा एक कोपरा कच्चकन कापला, फोटो काढला, पाठवला. कारखान्याने ‘ठीक’ कळवलं. उरलेला मी कपाटाच्या दाराला लागलो, तो आजतागायत.

आता माझी एक विनंती. फोनसाठी कव्हर घ्याल तेव्हा दुकानदाराच्या हत्तीवर जाऊ नका. कागद सरकवून बघा, कोपरा दाबून बघा. न पटलं तर खुशाल परत करा, त्यात लाज नाही. पण कारण खरं लिहा. भट्टी असेल तर भट्टी लिहा, टाचणी असेल तर टाचणी लिहा. लोक हसतील, हसू द्या. तुम्ही लपवलेली खोट तिथेच संपत नाही. नवी चिकटपट्टी लावून ती पुढच्या माणसाकडे जाते.

आणि मी? मी मजेत आहे. दिवसातून एकदा तरी तो फोन वाजतो. मावशी दोरी ओढून तो कानाला लावतात आणि म्हणतात, “घाबरू नका. पाठ भिंतीला टेका.” कुठेतरी कुणीतरी टेकवतं. मला वेगळं काही करावं लागत नाही. माझी टेकलेलीच असते.